गॅप आधी, हीट रेंज नंतर

वाचकांचे प्रश्न : टर्बो इंजिनांचे स्पार्क प्लग

या महिन्याच्या टपालात टर्बो गाड्यांच्या स्पार्क प्लगविषयीची तीन पत्रे आहेत. तिन्ही पत्रांत ‘थंड प्लग’ हा शब्द आहे आणि तिन्ही ठिकाणी तो वेगळ्याच दुखण्यावरचे औषध म्हणून सुचवला गेला आहे. त्यामुळे पहिल्या पत्राचे उत्तर विस्ताराने दिले आहे. उरलेल्या दोन्ही पत्रलेखकांनीही ते आधी वाचावे.

प्रश्न : माझ्याकडे ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय आहे. चार महिन्यांपूर्वी तिचे स्टेज वन रीमॅपिंग, म्हणजे इंजिनाच्या संगणकातल्या प्रोग्रॅमची पहिल्या पायरीची फेररचना, करून घेतले. ट्यूनरच्या कागदानुसार ताकद १८० वरून सुमारे २३० अश्वशक्ती झाली असून बूस्टही, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाबही, वाढवला आहे. गाडी शहरात उत्तम चालते. मात्र पहाटेच्या थंड हवेत एक्स्प्रेस वेवर चौथ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दिला, की ३,५०० ते ४,५०० आरपीएमच्या दरम्यान ती दोन-तीन झटके मारते आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. प्लग ४२,००० किलोमीटर चालले आहेत. गॅरेजवाले म्हणतात, ‘दोन नंबर थंड रेसिंग प्लग टाका, मिसिंग (ठिणगी चुकून बसणारे झटके) जाईल.’ टाकावेत का? काढलेल्या प्लगचे फोटो सोबत पाठवत आहे. — एक वाचक, पुणे

उत्तर : टाकू नयेत, निदान या तक्रारीसाठी तरी नाही. तुम्ही इतक्या नेमकेपणाने लक्षणे लिहिली आहेत, की निम्मे निदान पत्रातच झाले आहे.

प्लगला दोन स्वतंत्र कामे असतात. एक, ठिणगी टाकणे. दुसरे, ज्वलनात स्वतःच्या टोकाशी साठलेली उष्णता सिलिंडर हेडच्या धातूकडे पोचवणे. पहिल्या कामाचा संबंध गॅप (दोन इलेक्ट्रोडमधले अंतर), इलेक्ट्रोडची धार आणि ठिणगीसाठी व्होल्ट उभे करणाऱ्या कॉइलची ताकद यांच्याशी आहे, तर दुसऱ्याचा हीट रेंजशी, म्हणजे प्लग किती लवकर निवतो याच्याशी. ‘थंड’ प्लगची ठिणगी थंड नसते आणि जोरदारही नसते. कोल्ड प्लग आणि हॉट प्लग यांत फरक असतो तो मधल्या पोर्सेलिनच्या नाकाच्या लांबीचा: नाक आखूड असले, की उष्णतेला धातूच्या कवचापर्यंत जायला जवळची वाट मिळते आणि टोक लवकर निवते, नाक लांब असले, की वाट लांबते आणि टोक तापलेले राहते. तुमची गाडी झटके मारते आहे याचा अर्थ ठिणगी पडत नाही किंवा पडून विझते आहे, म्हणजे बिघाड पहिल्या कामात आहे, आणि गॅरेजने सुचवलेला उपाय दुसऱ्या कामाचा आहे.

आता ठिणगी नेमकी तिथेच का अडते, ते पाहू. फ्रिडरिश पाशेन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १८८९ मध्ये दाखवून दिले, की दोन इलेक्ट्रोडमधील वायूतून ठिणगी पार होण्यासाठी लागणारा विद्युतदाब हा वायूचा दाब आणि मधले अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. आपल्या इंजिनाच्या भाषेत सांगायचे, तर सिलिंडरमध्ये हवा जितकी दाटीने कोंबली जाईल, तितके कॉइलला जास्त व्होल्ट उभे करावे लागतात. सिलिंडर सर्वांत जास्त भरतो तो कमाल टॉर्कच्या टप्प्यात, लाल रेषेजवळ नव्हे. म्हणून झटके ३,५०० ते ४,५०० मध्ये येतात आणि ६,००० ला येत नाहीत. पहाटेची हवा दुपारच्या हवेपेक्षा घन असते, म्हणून पहाटे येतात. शहरात अर्ध्या ॲक्सिलरेटरवर बूस्टच पुरता चढत नाही, म्हणून तिथे गाडी निर्दोष वाटते.

फोटोत प्लगच्या पोर्सेलिनवरचा क्रमांक स्पष्ट दिसतो. हीट रेंजचा आकडा ७ आहे आणि त्यापुढचा ८ हा ०.८ मिलिमीटर गॅप दाखवतो. तुम्ही स्वतः फीलर गेजने मोजलेली गॅप मात्र ०.९५ आहे, ४२,००० किलोमीटरच्या ठिणग्यांनी इलेक्ट्रोड तेवढा झिजला आहे. ढोबळ हिशेब करून पाहा. ०.८ ची ०.९५ झाली, म्हणजे व्होल्टची मागणी सुमारे १.१९ पट झाली. रीमॅपने सिलिंडरमधील हवेची घनता २० टक्क्यांनी वाढवली असे धरले, तर आणखी १.२ पट. या दोन्हींची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. मागणी कारखान्यात ठरवलेल्या पातळीच्या सुमारे १.४ पट झाली. शिवाय झिजलेल्या इलेक्ट्रोडच्या कडा गोल होतात, आणि गोल कडेवरून ठिणगी उडवायला धारदार कडेपेक्षा जास्त व्होल्ट लागतात, हे वेगळेच. कॉइल मात्र होती तीच आहे. तिचा आवाका संपला, की ठिणगी एकतर पडतच नाही, किंवा प्लगच्या बाहेरच्या बाजूने, प्लगवर चढणाऱ्या कॉइलच्या रबरी बुटाच्या आतून, हेडकडे पळवाट शोधते.

याच हिशेबात उपायही आहे. नवे प्लग ०.६५ मिलिमीटर गॅपने बसवले, तर ०.६५ भागिले ०.८ म्हणजे ०.८१, आणि त्याला १.२ ने गुणले की ०.९७. म्हणजे वाढलेला बूस्ट जमेस धरूनही कॉइलवरचा ताण कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा होता तितकाच राहतो. मी तुम्हाला ०.६५ ते ०.७ सुचवतो ते एवढ्यासाठी. मग ०.४ का नको, असा प्रश्न मनात येईल. गॅप फार लहान केली, की ठिणगीतून जन्मणारा ज्योतीचा कण दोन्ही इलेक्ट्रोडच्या धातूला इतका चिकटून असतो, की त्याची ऊब धातूच शोषून घेतो. परिणामी आयडलिंगला गाडी थरथरते आणि हलक्या ॲक्सिलरेटरवर कुरकुरते. पूर्ण बूस्टला न विझणारी सर्वांत मोठी गॅप ही योग्य गॅप, असे मी मानतो, आणि ती शोधताना दर वेळी ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त बदल करू नये.

गॅप लावताना हात हलका ठेवा. इरिडियम प्लगचा मधला इलेक्ट्रोड जेमतेम ०.४ ते ०.६ मिलिमीटर जाडीचा आणि ठिसूळ असतो. नाण्यासारख्या गोल, उताराच्या गेजने मधल्या टोकाला टेकू देऊन गॅप उघडण्याची पद्धत जुन्या निकेल प्लगसाठी चालून गेली. इरिडियमवर ती वापरली, की टोक तुटते किंवा पोर्सेलिनला केसाएवढी भेग जाते. असा एक प्लग मी स्वतःच्या हातांनी निकामी केला आहे, आणि भेग इतकी बारीक होती, की गाडी सुरू होईपर्यंत ती कळलीही नव्हती. बाजूचा इलेक्ट्रोड तेवढा हलवायचा: कमी करायची असेल तर प्लग उलटा धरून तो लाकडी फळीवर अलगद टेकवत जायचा, आणि दर दोन ठोक्यांनंतर तारेच्या गेजने मोजायचे. शेवटी प्लग डोळ्यांच्या पातळीवर आडवा धरून दोन्ही इलेक्ट्रोड समांतर आहेत ना, हे उजेडाकडे पाहून तपासायचे.

प्लग बदलण्यापूर्वी कॉइलची परीक्षा घ्या. तिला खर्च नाही. स्कॅनरवर पी०३०१ ते पी०३०४ यांपैकी कोणता कोड आहे ते पाहा. शेवटचा आकडा सिलिंडरचा असतो. समजा ०३०३ आहे. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर लावून त्याच रस्त्यावर त्याच गिअरमध्ये गाडी ओढा. कोड ०३०१ झाला, तर कॉइल दोषी. ०३०३ च राहिला, तर कॉइल सुटली. प्लगकडे, आणि तोही सुटला तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशनकडे पाहावे लागेल. दिवा लुकलुकत असताना मात्र ॲक्सिलरेटर लगेच सोडा. न जळालेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते, आणि त्या एका भागाच्या किमतीत प्लगचे कित्येक संच येतात.

आता हीट रेंजविषयी, कारण तो प्रश्न आज ना उद्या तुमच्यापुढे येणार आहेच. प्लगच्या टोकाचे तापमान साधारण ५०० ते ८५० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात राहायला हवे. त्याखाली काजळी जळून जात नाही. त्यावर टोक इतके लाल होते, की ठिणगीची वाट न पाहता तेच मिश्रण पेटवते. याला प्री-इग्निशन म्हणतात, आणि नॉकिंगशी त्याची गल्लत करू नये. नॉकिंग म्हणजे उरलेले मिश्रण आपोआप धडाक्याने पेटणे; ते ठिणगीनंतर होते, सेन्सर ते ऐकतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगीचे टायमिंग मागे घेऊन इंजिन वाचवतो. प्री-इग्निशन ठिणगीच्या आधी होते, त्यामुळे टायमिंग मागे घेऊन काहीच साधत नाही. एका ट्यून केलेल्या गाडीतून काढलेला असा प्लग मी पाहिला आहे: बाजूचा इलेक्ट्रोड वितळून अर्धा नाहीसा झालेला, पोर्सेलिनवर ॲल्युमिनियमचे मोहरीहून बारीक चकचकीत मणी, आणि खाली पिस्टनच्या माथ्यावर पेन्सिल जाईल एवढे भोक. ते मणी म्हणजे पिस्टनच होता.

या भीतीपोटीच लोक थंड प्लगकडे धावतात, आणि भीती खोटी नाही, प्रमाण चुकते. प्लग बनवणाऱ्या एनजीके कंपनीचा ढोबळ नियम असा, की इंजिनाची ताकद ७५ ते १०० अश्वशक्तीने वाढली, तर हीट रेंज एक पायरी थंड करावी (एनजीकेचा आकडा जितका मोठा, तितका प्लग थंड). तुमची वाढ ५० आहे. त्यातून टर्बो गाडीला कारखान्यातूनच तुलनेने थंड प्लग दिलेला असतो. साध्या, टर्बो नसलेल्या कितीतरी गाड्यांत आकडा ५ किंवा ६ असतो, तुमच्याकडे आधीच ७ आहे. शहरात चालवून अधूनमधून महामार्गावर गाडी ओढणाऱ्याला ७ पुरेसा आहे. ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरील ड्रॅग शर्यतीत किंवा कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवर जाणार असाल, टर्बो मोठा बसवणार असाल, तर ८ घ्या. दोन पायऱ्या थंड, म्हणजे ९, हा प्लग पुण्याच्या सिग्नलमागून सिग्नल अशा रहदारीत आठवड्याभरात काजळेल, आणि मग तुम्हाला खरोखरच आयडलिंगला मिसिंग लागेल.

दोन गोष्टी विचारल्या नसल्या तरी लिहितो. तुमचा मॅप किती ऑक्टेनसाठी लिहिला आहे, ते ट्यूनरला विचारा. मॅप जास्त ऑक्टेनचा आणि टाकीत त्याहून कमी ऑक्टेनचे पेट्रोल, अशा गाडीत नॉकिंग होणारच, आणि कोणत्याही नंबरचा प्लग ते थांबवणार नाही. दुसरे, तुमच्या गाडीत कोरड्या क्लचचा सातगिअरी डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आहे, ज्याची टॉर्क पेलण्याची मर्यादा २५० न्यूटन मीटरच्या आसपास आहे. गाडीचा मूळ टॉर्कच २५० होता. प्लगचा खर्च होईल, पण माझ्या मते तुमच्या पुढच्या मोठ्या खर्चाची जागा ती नव्हे, हा गिअरबॉक्स आहे.

प्रश्न : माझी १.० टीएसआय व्हर्टस पूर्णपणे कंपनीच्या अवस्थेत आहे, रीमॅप वगैरे काही नाही. घाटात गाडी तापते म्हणून मित्राच्या सल्ल्याने दोन पायऱ्या थंड प्लग टाकले. आता सकाळी स्टार्टिंगला त्रास होतो, ॲव्हरेज घसरले आहे आणि प्लग काळे निघतात. माझे येणे-जाणे रोजचे चार-पाच किलोमीटरच आहे. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कंपनीच्या नंबरचे प्लग परत बसवा, तक्रार जाईल. चार किलोमीटरच्या फेरीत त्या प्लगचे टोक काजळी जाळण्याइतके तापतच नाही. काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बन वीज वाहतो. त्यामुळे कॉइलने उभे केलेले व्होल्ट गॅप ओलांडण्याऐवजी काळ्या पोर्सेलिनवरून सरपटत कवचाकडे निघून जातात. थंड इंजिनात पेट्रोल जास्त सोडले जाते, म्हणून त्रास सकाळीच होतो. काढलेले प्लग फेकू नका म्हणालो असतो, पण तुमच्या वापरात ते कधीच उपयोगी पडणार नाहीत.

घाटात गाडी तापण्याचा आणि प्लगच्या हीट रेंजचा संबंध नाही. कूलंटचे तापमान वाढत असेल तर रेडिएटर, पंखा, थर्मोस्टॅट आणि कूलंटची पातळी तपासावी. हीट रेंज प्लगच्या टोकाचे तापमान ठरवते, इंजिनाचे नव्हे.

तुमच्या इंजिनाच्या जातीला, म्हणजे लहान, टर्बो असलेल्या आणि सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांना, एक वेगळा धोका असतो, आणि तो घाटातच संभवतो. वरच्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमच्या आसपास पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून चढ ओढला, तर पिस्टन रिंगजवळच्या फटीतून सुटलेला तेल आणि पेट्रोलचा थेंब ठिणगीच्या आधीच पेटू शकतो. मंद गतीतील या प्री-इग्निशनवरही थंड प्लग हा उपाय नाही. खालचा गिअर घ्यावा, आणि कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच तेल वापरावे. २०१८ मध्ये आलेला एपीआय एसएन प्लस आणि २०२० मध्ये आलेला एपीआय एसपी हे दर्जे या दोषाची चाचणी समोर ठेवूनच तयार झाले आहेत.

प्रश्न : मी गॅरेज चालवतो. ट्यून केलेल्या गाड्या येऊ लागल्या आहेत. इरिडियम चांगला की कॉपर? एका गाडीला थंड प्लग हवा म्हणून एनजीकेच्या ६ ऐवजी बॉशचा ८ बसवला, तर नॉकिंग वाढले. असे का झाले? आटे जाम होऊ नयेत म्हणून ग्रीस लावावे का? एका प्लगचा फोटो सोबत आहे. — एक वाचक, नाशिक

उत्तर : शेवटून दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यात इंजिन जाऊ शकते. एनजीके आणि डेन्सो यांच्याकडे आकडा वाढला की प्लग थंड होतो; बॉश आणि चॅम्पियन यांच्याकडे आकडा वाढला की प्लग गरम होतो. तुम्ही थंड समजून गरम प्लग बसवलात. तो आजच काढा. एनजीके आणि डेन्सो यांचीही मोजपट्टी एक नाही: एनजीकेचा ६ म्हणजे डेन्सोचा २०, ७ म्हणजे २२, ८ म्हणजे २४. गॅरेजच्या भिंतीवर हा तक्ता लिहून ठेवावा, आणि कंपनी बदलताना आकड्यावरून अंदाज न बांधता तक्ता पाहावा.

क्रमांक वाचायची सवय लागली, की निम्म्या चुका टळतात. बीकेआर७ई हे उदाहरण घ्या. बी म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, के म्हणजे १६ चा पाना, आर म्हणजे आत रेझिस्टर, ७ ही हीट रेंज आणि ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर. पुढे ११ असेल तर गॅप १.१ मिलिमीटर. यातली लांबी चुकली तर क्षमा नाही: लांब प्लग पिस्टनला भिडू शकतो, आणि आखूड प्लगखाली उघडे राहिलेले हेडचे आटे कार्बनने भरतात, मग पुढच्या वेळी योग्य प्लग आत जात नाही. रेझिस्टर नसलेला ‘रेसिंग’ प्लगही रस्त्यावरच्या गाडीत बसवू नये. ठिणगीचा विद्युत गोंगाट ईसीयू आणि सेन्सरच्या कामात ढवळाढवळ करतो.

कॉपर की इरिडियम, या प्रश्नातले नावच फसवे आहे. तांबे असते ते इलेक्ट्रोडच्या गाभ्यात, उष्णता वाहून नेण्यासाठी, आणि तसा गाभा बहुतेक इरिडियम प्लगमध्येही असतो. बाजारात ज्याला कॉपर प्लग म्हणतात, त्याचे ठिणगी झेलणारे टोक निकेलच्या मिश्रधातूचे असते. निकेल १,४५५ अंशांना वितळते, प्लॅटिनम १,७६८ ला आणि इरिडियम २,४४६ ला. म्हणून इरिडियमचे टोक सुईसारखे बारीक करता येते, आणि बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टमध्ये उडते. जादा बूस्टच्या गाडीत कॉइल आधीच ताणलेली असते, तिथे हा फायदा खरा आहे. तरीही अति बूस्टच्या शर्यतीच्या गाड्यांचे कितीतरी ट्यूनर साधा निकेल प्लगच वापरतात. तो स्वस्त असतो, गॅप लावायला सोपा असतो, आणि दर काही हजार किलोमीटरला बदलला तरी जिवावर येत नाही. रोजच्या वापरातल्या ट्यून केलेल्या गाडीला मी इरिडियमच सांगेन, मात्र डब्यावर लिहिलेल्या आयुष्याच्या निम्म्या अंतरावर तो बदलावा. दोन-तीन बाजूच्या इलेक्ट्रोडचे प्लग घेऊ नका. ठिणगी एका वेळी एकाच इलेक्ट्रोडवर पडते, आणि गॅप कमी करणे अवघड होऊन बसते.

कोणताही प्लग घेताना दुकान पाहून घ्या. नामांकित कंपन्यांच्या नावाचे बनावट इरिडियम प्लग सर्रास मिळतात. आट्यांच्या कडा खरखरीत, छपाई नखाने निघणारी आणि मधले टोक भिंगातून पाहिल्यावर वाकडे वेल्ड केलेले दिसले, तर तो संच परत करा.

ग्रीस किंवा अँटी-सीझ लावू नये. आजच्या प्लगच्या आट्यांवर गंजरोधक मुलामा असतोच. घर्षण कमी झाले, की टॉर्क रेंच तोच आकडा दाखवत असताना प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो, आणि प्लगचे कवच ताणले जाते किंवा ॲल्युमिनियमचे आटे निघून येतात. १४ मिलिमीटरच्या, वॉशर असलेल्या प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ मिलिमीटरच्याला १५ ते २० पुरतात. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरावा. कमी आवळणेही तितकेच वाईट, कारण टोकाची उष्णता हेडकडे जाते ती वॉशर आणि आट्यांतून; सैल बसलेला ८ नंबरचा प्लग ६ नंबरच्या प्लगसारखा तापतो, असे समजा. इंजिन गार असतानाच प्लग काढावा, आणि काढण्यापूर्वी प्लग बसतो त्या विहिरीतली, म्हणजे खोल भोकातली, धूळ हवेने उडवावी.

तुमच्या फोटोतल्या प्लगच्या पांढऱ्या पोर्सेलिनवर, षटकोनाच्या लगेच वर, तपकिरी कडे दिसते. कॉम्प्रेशन गळते आहे असे समजून बरेच जण असे प्लग बाद करतात. ती गळती नव्हे; जास्त व्होल्टमुळे तिथे जमलेल्या तेलाच्या वाफेचा आणि धुळीचा तो डाग आहे. वरून खाली गेलेली काळी, पेन्सिलीने ओढल्यासारखी रेघ दिसली, तर मात्र ठिणगी बाहेरून पळते आहे असे समजावे, आणि प्लगबरोबर कॉइलचा रबरी बूटही बदलावा.